पुणे ते गणपतीपुळे सायकलवरून : मागून येणाऱ्या गाडीला आपण दिसतो का?

जानेवारीत आम्ही तिघं, म्हणजे मी, माझा थोरला भाऊ आणि कॉलेजात जाणारा माझा भाचा, पुण्याहून ताम्हिणीमार्गे कोकणात उतरलो आणि किनारा धरून गणपतीपुळ्यापर्यंत सायकलने गेलो. परत आल्यापासून नातेवाइकांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांचा प्रश्न एकच : "गाड्यांची भीती नाही वाटली?" वाटली. म्हणून या वेळचं प्रवासवर्णन खाण्यापिण्याबरोबरच त्या भीतीबद्दल आणि तिच्यावर आम्ही काय केलं त्याबद्दलही आहे. ज्यांना या मार्गाने जायचंय त्यांना त्याचा उपयोग व्हावा एवढीच इच्छा.

पहिला दिवस : पुणे – पौड – ताम्हिणी – माणगाव

मुद्दाम सोमवारी निघालो. शनिवार-रविवारी ताम्हिणीत पर्यटकांच्या गाड्यांची रांग असते, तेव्हा तिथे सायकल घालू नये. पण सोमवारी पहाटेही चांदणी चौक ते पिरंगुट हा टप्पा सोपा नाही. कंपन्यांच्या बसेस, कंटेनर, कामावर निघालेल्या मोटारसायकली, सगळे घाईत. साडेपाचला अंधारच होता.

दादाने निघण्यापूर्वी आम्हा दोघांची तपासणीच घेतली. पोपटी रंगाचं जाकीट, त्यावर चंदेरी पट्टे, मागे लाल दिवा, पुढे पांढरा आणि दोन्ही घोट्यांना चमकणाऱ्या पट्ट्या. घोट्याच्या पट्ट्यांवर भाचा कुरकुरला, पण दादाचं म्हणणं पक्कं होतं. पोपटी जाकीट दिवसा काम करतं, कारण तो रंग उन्हातले अतिनील किरण घेऊन दिसणाऱ्या उजेडात बदलतो. अंधारात मात्र ऊनच नसतं, तेव्हा उपयोग चंदेरी पट्ट्यांचा. गाडीचा उजेड त्या गाडीकडेच परत पाठवतात. आणि पट्टी घोट्यावर असली की पायडलबरोबर वरखाली होते. लांबून नुसता ठिपका दिसण्यापेक्षा वरखाली होणारे दोन ठिपके दिसले, की ड्रायव्हरला क्षणात कळतं की पुढे माणूस पाय मारतोय.

मागचा दिवा आम्ही दिवसभर चालू ठेवला. एप्रिल २०१७ पासून आपल्याकडे नव्या दुचाकींचा हेडलाइट बंदच करता येत नाही. दिवसाही ती समोरच्याच्या नजरेत भरावी, हाच त्यामागचा हेतू. सायकल तर मोटारसायकलीपेक्षा हळू आणि अंगाने बारीक. तिला दिवसा दिव्याची गरज जास्तच.

पौडला मिसळ खाल्ली. मुळशीच्या पाण्यावर धुकं होतं आणि हात गारठले होते. धुक्यात तीन मिनिटं थांबून चष्मे पुसले, दिवे तपासले, मग पुढे.

घाटात एक पांढरी मोठी गाडी मागे लागली. वळण आंधळं, त्यामुळे तिला पुढे जाता येईना. तिने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. वळण संपल्यावर माझ्या हँडलपासून वीतभर अंतरावरून कट मारून गेली. माझी सायकल डावीकडच्या खडीत गेली, तोल सावरला, पण पोटात गोळा आला. भाच्याने मागून हातवारे केले. दादा त्याला म्हणाला, "हात हँडलवर. त्याचा नंबर बघ आणि सोड."

पुढच्या वळणावर भज्यांच्या टपरीशी तीच गाडी उभी. आत आईवडील, बायको, लहान मुलगी. माझ्याच वयाचा माणूस असेल. मी चहा घेतला आणि शेजारी जाऊन उभी राहिले. म्हटलं, "भाऊ, मघाशी तुमची गाडी फार जवळून गेली. मी पडले असते." तो खरोखर चकित झाला. म्हणाला, "अहो, पण मी हॉर्न दिला होता ना!"

त्या वाक्यावर मी नंतर कितीतरी किलोमीटर विचार करत होते. त्याच्या लेखी त्याने त्याचं काम केलं होतं. हॉर्न वाजवला, म्हणजे आता बाजूला होण्याची जबाबदारी माझी. मी त्याला सांगितलं, की लांबून दिलेला एक छोटा हॉर्न मला हवाच असतो, त्याने मी सरळ राहते. पण कानाशी सतत वाजणाऱ्या हॉर्नने दचकून सायकल डुलते आणि ती तुमच्याच गाडीकडे डुलू शकते. त्याची आई मागून म्हणाली, "बरोबर बोलतेय ती." तो काही क्षण गप्प राहिला, मग म्हणाला, "ताई, हे लक्षात नव्हतं आलं." आमच्या भज्यांचे पैसे देऊ लागला, ते आम्ही घेतले नाहीत.

विनाकारण किंवा सतत हॉर्न वाजवणं हा मोटार वाहन कायद्याच्या १९४ एफ कलमाखाली गुन्हा आहे, पहिल्या वेळी १,००० रुपये दंड. ट्रकांच्या पाठीवरच्या 'हॉर्न ओके प्लीज'वर महाराष्ट्रात २०१५ मध्येच बंदी आली. सवय मात्र राहिली आहे. माझं मत असं झालं, की बरेच जण दुष्टपणाने जवळून जात नाहीत. सायकलवरच्या माणसाला किती जागा लागते हे त्यांना कुणी कधी सांगितलेलंच नसतं. म्हणून बोलायची संधी मिळाली तर बोलावं, पण उभ्या गाडीशी, शांतपणे आणि चार माणसं असतील तिथे. चालत्या गाडीशी भांडू नये. आणि समोरच्याने दारू घेतली असेल किंवा आवाज चढवला असेल तर तिथून निघावं.

घाट उतरताना दादा डाव्या कडेला चिकटून न जाता चांगला मीटरभर आत चालवत होता. कडेला खडी, तुटलेली साइडपट्टी, पालापाचोळा. कडेला असलं की मागच्याला वाटतं जागा आहे, घुसतो. थोडं आत असलं की तो आधी वेग कमी करतो आणि मग नीट ओव्हरटेक करतो. वळण संपून रस्ता मोकळा झाला, की आपण बाजूला होऊन हाताने 'जा' म्हणायचं. बहुतेक जण जाताना हात वर करतात.

विळे, निजामपूर करत अंधार पडायच्या आत माणगावला पोचलो. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकांनी संध्याकाळी शेतावर पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, ओवा आणि जाडं मीठ. मडकं उपडं घालून वर पेंढा पेटवला. अर्ध्या तासाने मडकं काढून फोडणीविना, तेलाविना शिजलेल्या त्या शेंगा केळीच्या पानावर ओतल्या. भांबुर्ड्याचा वास आधी अंगावर येतो आणि मग त्याच्याशिवाय शेंगा नकोशा वाटतात. भाच्याने किती खाल्लं ते विचारू नका.

दुसरा दिवस : माणगाव – म्हसळा – श्रीवर्धन – हरिहरेश्वर

हा सगळा चढउतारांचा रस्ता. ऊन वर आलं तशी एक गोष्ट ध्यानात आली. रस्त्यावर जिथे वड-आंब्यांची दाट सावली येते, तिथे गाड्या आमच्या फार जवळ येऊन मग दचकून बाहेर काढत होत्या. लख्ख उन्हातून सावलीत शिरताना ड्रायव्हरच्या डोळ्यांना सरावायला वेळ लागतो आणि तेवढ्यात आपण त्याच्यापुढे असतो. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते. सावलीत शिरण्यापूर्वी मागे वळून पाहायचं हा नियम आम्ही तिथपासून घातला.

हे मागे वळून पाहणं फार कामाचं आहे. गाडीचा आवाज आला की दादा उजव्या खांद्यावरून मान वळवून सरळ काचेकडे बघतो. नुसती पाठ दिसत होती तिथे चेहरा दिसतो. मी दिवसभर मुद्दाम लक्ष ठेवलं. मान वळवल्यावर गाड्या स्पष्टपणे जास्त जागा सोडत होत्या.

म्हसळ्याच्या स्टँडवर चहाला थांबलो, तिथे एक एसटीचे ड्रायव्हर भेटले. निवृत्तीला आलेले, याच पट्ट्यात बरीच वर्षं गाडी चालवलेली. मी विचारलं, "आम्ही दिसतो का हो तुम्हाला?"

"दिसता की," ते म्हणाले. "पण सायकल आता सरळ जाणार का खड्डा चुकवायला मधे येणार, ते पाठीवरून मला कसं कळायचं? माझ्याकडे पन्नास माणसं बसलेली असतात, ताई. एकदम ब्रेक मारला तर उभी असलेली पडतात. तुम्ही हात दाखवा. खड्डा असला तरी दाखवा. हात दिसला की मी आधीच पाय सोडतो."

मला हे फार मोलाचं वाटलं. आपण अंगावर कितीही रंग चढवला तरी पुढच्या दोन सेकंदांत आपण काय करणार हे मागच्याला कळलं नाही, तर तो रंग अर्धंच काम करतो. त्यानंतर आम्ही खड्ड्यालाही हात दाखवू लागलो. उजवा हात पूर्ण लांब, आणि वळून पुन्हा जागेवर येईपर्यंत सायकल डुलवायची नाही.

उन्हं उतरायला लागली तेव्हा आमचा रस्ता पश्चिमेकडे होता. मावळतीचं ऊन आपल्या डोळ्यांत येतं, तसंच मागच्या ड्रायव्हरच्याही डोळ्यांत येतं. धुळीने माखलेल्या काचेवर ते पडलं की पुढचा सायकलवाला त्याला दिसेनासाच होतो. कोकणात किनाऱ्याकडे जाणारे बरेच रस्ते पश्चिमवाहिनी, म्हणून ही अडचण इथे रोजचीच. तुमची सावली लांब होऊन मागे पडायला लागली, की रस्ता सोडून चहा घ्यावा. आम्ही तेच केलं आणि श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाड्यांमध्ये मस्त वेळ गेला. वाडीतल्या एका आजोबांनी सोललेली रोठा सुपारी हातावर ठेवली आणि ती ओली असताना खाल्ली तर चक्कर येते म्हणून आधी बजावलं.

हरिहरेश्वरी रात्री कुळथाची पिठी, गरम भात आणि उकडीचे मोदक. अंथरुणाला पाठ टेकल्यावर काही आठवत नाही.

तिसरा दिवस : बागमांडला – वेसवी – वेळास – केळशी – आंजर्ले

सकाळी बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेसवी. बाणकोट, वेळास. कासवांच्या पिल्लांचा हंगाम अजून सुरू व्हायचा होता, त्यामुळे गावात गर्दी नव्हती. दिवसभर गाड्या मोजक्याच. या दिवसाबद्दल वाहतुकीची तक्रार अजिबात नाही.

पण केळशीच्या अलीकडे एक बाई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन रस्त्याच्या कडेने चालत होत्या. करड्या रंगाची साडी, वर मोळी, मागे बघायला मान वळवणं शक्यच नाही. त्यांच्या शेजारून एक टेंपो तसाच सुसाट गेला आणि मोळीचं एक टोक हललं. त्या थांबल्या, मोळी सावरली, चालू लागल्या. आम्ही हौसेने आठवडाभर रस्त्यावर आलो आहोत, अंगावर महागडी जाकिटं घालून. त्यांना रोज तोच रस्ता. २०१७ च्या मोटार वाहन चालनाच्या नियमांमध्ये पायी चालणारे, सायकलस्वार, मुलं, म्हातारी माणसं यांची विशेष काळजी घेणं हे चालकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. लायसन्स देताना याच एका नियमावर सगळ्यात जास्त प्रश्न विचारले जावेत असं मला मनापासून वाटतं.

पुढे आड्याजवळ शाळा सुटून सायकलवर घरी निघालेल्या मुली भेटल्या. एकीच्याही सायकलला मागे रिफ्लेक्टर नव्हता. दादाच्या पिशवीत चमकणाऱ्या लाल पट्टीचं रोल होतं. त्याने मडगार्ड पुसून घेतले, पट्टी कापून चिकटवली, आणि मुलींनी एकेक करत सायकली रांगेत लावल्या. एक म्हणाली, "काका, पायडललाही लावा ना." तिला कुणी न सांगता ते सुचलं. रोल संपला. हे रोल हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतं. कोकणात सायकलने जाणाऱ्यांनी एक जास्तीचं जरूर न्यावं. मागे लाल, पुढे पांढरं.

आंजर्ल्यात मुक्काम. कड्यावरच्या गणपतीला चालत जाऊन आलो.

चौथा दिवस : हर्णे – दापोली – दाभोळ – धोपावे – गुहागर

हर्णे बंदरावर मासळीची लगबग आणि बर्फाचे टेंपो. आसूदला पोफळीच्या गारव्यात थोडं थांबलो. दापोलीत दडपे पोहे. तिथून दाभोळचा उतार छान, पण चिऱ्यांचे ट्रक सतत. जांभ्या दगडाने भरलेला ट्रक चढाला आपल्यामागे अडकला, की त्याचा जोर तुटतो. तिथे आम्ही आपणहून थांबून त्याला जाऊ दिलं. अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असा नियमच आहे, आणि तो पाळला की ट्रकवाले फार मनापासून हात करतात.

या प्रवासातलं सगळ्यात उपयोगी शिक्षण दाभोळच्या फेरीबोटीवर मिळालं. आमच्या शेजारी एक रिकामा ट्रक उभा होता. ड्रायव्हर चिपळूणकडचा, तिशीतला. सायकलींची चौकशी करता करता म्हणाला, "तुम्हाला वाटतं आम्ही मुद्दाम दाबतो. वर येऊन बसा ताई, बघा मला काय दिसतं ते."

मी चढले. त्याच्या सीटवर बसले. दादा सायकल घेऊन डाव्या दाराला लागून उभा होता, हे मला माहीत होतं. पण मला तो दिसेना. डाव्या खिडकीतून बोटीचा कठडा आणि खाडी. डाव्या आरशात ट्रकची स्वतःची फळी आणि मागची जीप. पाच फूट दहा इंच उंचीचा माझा भाऊ, पोपटी जाकीट घालून, सायकलसकट नाहीसा झाला होता. मी ओरडले, "दादा, आहेस का?" खालून आवाज आला, "इथेच आहे!" मग भाचा ट्रकच्या अगदी पुढे येऊन उभा राहिला. त्याचंही फक्त हेल्मेटचं टोक दिसलं. पाच-सहा पावलं पुढे गेला तेव्हा सायकल दिसली.

ड्रायव्हर म्हणाला, "आरशात माझं तोंड दिसलं पाहिजे तुम्हाला. नाही दिसलं, तर मीपण तुम्हाला बघत नाहीये असं समजायचं. आणि सिग्नलला किंवा फाट्यावर आमच्या डावीकडून पुढे घुसायचं नाही. मी डावीकडे वळलो की पुढचं चाक जातं तिथून मागचं जात नाही, ते आत कापतं. तिथेच सायकलवाले सापडतात."

मग मी भाच्याला वर बसवलं आणि स्वतः खाली उभी राहिले. त्याने बघावं अशी माझी फार इच्छा होती. उतरला तेव्हा तो गंभीर होता. तेव्हापासून उभ्या ट्रकच्या डावीकडून तो गेलेला मी पाहिला नाही.

धोपाव्याहून गुहागर. आंब्याला मोहोर आला होता आणि संध्याकाळी त्या वासाने सगळा रस्ता भरून गेला होता. व्याडेश्वराचं दर्शन, घावन आणि नारळाचा रस.

पाचवा दिवस : गुहागर – वेळणेश्वर – हेदवी

थोडंच अंतर, निवांत. हेदवीला ओहोटी होती म्हणून बामणघळीत पाणी उसळताना दिसलं नाही. भरतीची वेळ विचारून जा. चालवताना भाच्याने सांगितलं, की जर्मनीत २०२० पासून सायकलला ओव्हरटेक करताना वस्तीत दीड मीटर आणि वस्तीबाहेर दोन मीटर अंतर सोडणं कायद्याने बंधनकारक आहे. कोकणातल्या काही रस्त्यांची रुंदी बघता दोन मीटर सोडायचे, तर गाडीला आमच्यामागेच थांबावं लागेल. थांबावं की मग. दहा-वीस सेकंदांचा प्रश्न असतो.

सहावा दिवस : तवसाळ – जयगड – मालगुंड – गणपतीपुळे

शनिवार उजाडला आणि रस्त्याचं रूप पालटलं. तवसाळहून फेरीने जयगड. फेरीवरच पर्यटकांच्या गाड्यांची रांग. बंदराकडे जाणाऱ्या मोठ्या ट्रकांची मला धास्ती होती, पण एकानेही त्रास दिला नाही. मागून लांबूनच एक डिपर, एक छोटा हॉर्न, पूर्ण पलीकडच्या बाजूने ओव्हरटेक. रोज त्याच रस्त्यावर चालवणाऱ्यांचा हात वेगळाच असतो.

त्रास झाला तो समोरून. मालगुंडच्या अलीकडे एका उतारावर दोन गाड्या शर्यत लावल्यासारख्या येत होत्या. मागची ओव्हरटेक करत पूर्ण आमच्या बाजूला आली. पुढे मी होते. मी उजवा हात उंच केला, तळवा समोर, आणि हलवत राहिले. त्याने वेग कमी केला नाही. मी सायकल डावीकडच्या गवतात घातली, दादा आणि भाचाही घुसले. गाडी आम्ही असतो तिथूनच गेली. आत मुलं हसत होती.

भाच्याचे हात थरथरत होते. त्याला शिव्या द्यायच्या होत्या आणि मला रडू येत होतं. आम्ही तिथेच बसलो, पाणी प्यायलो. दादाने वहीत लिहून घेतलं : गाडीचा नंबर, रंग, वेळ, कुठल्या गावाकडून कुठे, जवळचा किलोमीटरचा दगड. मालगुंडला केशवसुतांचं घर बघायचं ठरलं होतं, ते बघितलं, पण माझं मन तिथे लागलं नाही.

गणपतीपुळ्याला पोचल्यावर दर्शनाआधी पोलिसांकडे गेलो. तिथल्या हवालदारांनी बसवलं, पाणी दिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "कुणाला लागलं का?" नाही म्हटल्यावरही त्यांनी लेखी तक्रार घेतली. धोकादायक पद्धतीने ओव्हरटेक करणं मोटार वाहन कायद्याच्या १८४ कलमात येतं, त्यासाठी अपघात व्हायलाच हवा असं नाही. ते म्हणाले, लोक तक्रार घेऊन येतात तेव्हा नंबर अर्धाच आठवत असतो आणि वेळ सांगता येत नाही. आमच्याकडे सगळं होतं. त्यांनी पुढच्या नाक्यावर नंबर कळवला. संध्याकाळी दादाला फोन आला, गाडी थांबवली आणि चालान केलं म्हणून.

तेव्हा जाणाऱ्यांना एवढंच सांगते : हँडलच्या पिशवीत छोटी वही आणि पेन्सिल ठेवा. मोबाइल काढेपर्यंत गाडी निघून जाते आणि घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात चार आकडे राहत नाहीत. दिसला की नंबर मोठ्याने म्हणा, सोबतच्याने लिहावा. जीवाला धोका असेल किंवा कुणाला लागलं असेल तर लगेच ११२ ला फोन, रुग्णवाहिकेसाठी १०८. आणि तक्रार द्याच. आमच्यामागून त्याच उतारावरून शाळेची मुलं जाणार असतात.